लोणारचे क्षार, सूर्यशक्ती आणि उद्जन

सौर विजेने पाण्याचे विच्छेदन करून उद्जन, म्हणजेच हायड्रोजन, मिळविण्याच्या योजनांची चर्चा सांप्रत सर्वत्र चालू आहे. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये मान्यता दिली. परंतु उन्हावर चालणारा उद्योग बुलढाणा जिल्ह्यास नवा नाही. तो कसा चालला व का खुंटला, हे पाहिल्यास नव्या योजनेतील खरी अडचणही दिसू लागते.

लोणारच्या विवरातून पाण्यास बाहेर पडण्याची वाट नाही. त्यामुळे क्षार तेथेच साचतात आणि उन्हाळ्यात पाणी आटले की काठाच्या चिखलावर त्यांचे थर बसतात. काच व साबण यांना लागणारी द्रव्ये येथे मिळत असल्याचा उल्लेख अबुल फजलाच्या ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी क्षारांची प्रतवारी स्थानिक लोकांनी केली होती. ही नुसती नामावळी नव्हे, व्यवहारात मुरलेले रसायनशास्त्रच ते. ला टूश व क्रिस्टी या भूशास्त्रज्ञांचा सरोवरावरील अभ्यास १९१२ साली प्रसिद्ध झाला. पाणी आटविण्यास येथे सरपण लागत नसे. ते काम ऊन करी.

फ्रान्समध्ये लब्लाँने १७९१ साली आणि बेल्जममध्ये सॉल्व्हेने १८६० नंतर सोडा तयार करण्याच्या कृत्रिम रीती काढल्या. दोन्ही कोळशावर अवलंबून होत्या. कारखान्यातील सोड्यापुढे लोणारचा क्षार टिकणे कठीणच होते. ऊन कमी पडले असे नव्हे. ते ऋतूचे बांधील होते. एखादे वर्षी पाणी आटले नाही, तर पीकच बुडे. कोळसा बारमाही, शिवाय साठविता येणारा.

साठवणीचा हाच प्रश्न उद्जनाच्या कल्पनेच्या मुळाशी आहे. डेन्मार्कमधील आस्कोव्ह येथे पोल ला कूर याने १८९० नंतरच्या दशकात पवनचक्कीच्या विजेने उद्जन काढून साठविला व त्यावर शाळेत दिवे लावले. हाल्डेन याने, जो पुढे भारताचा नागरिक झाला, १९२३ साली केंब्रिजच्या व्याख्यानात हीच वाट सुचविली. भारतात १९६० नंतर लवकरच नांगल येथे भाक्ऱ्याच्या जलविद्युतेवर उद्जन निघू लागला. पण तो खत व जड पाणी यांसाठी, इंधनासाठी नव्हे.

नांगलला नदी होती. विदर्भात ऊन विपुल आहे, पाणी नाही. एक किलो उद्जनास सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. एक किलोवॅटच्या सौर पट्ट्या दिवसास सरासरी चार युनिटे देतात असे धरल्यास, ही सुमारे तेरा दिवसांची कमाई. पाणी किमान नऊ लिटर, आणि तेही अत्यंत शुद्ध. हा आकडा लहान वाटतो, पण जिल्ह्याच्या उत्तर भागात, पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात, विहिरीचे पाणी पिण्यासही खारट आहे. ते शुद्ध करावयाचे, तर मागे आणखी खारट पाणी उरणार. लोणारला सूर्य पाणी नेई आणि क्षार माणसाच्या हाती ठेवी. येथे पाणी हवे असून क्षार नकोसा आहे. पूर्णाकाठच्या चिकण जमिनीत तो सहजासहजी निचरूनही जात नाही.