टायरातून गेलेला डास
मढच्या धक्क्याला होडी घासू नये म्हणून तिच्या कडेला जुने टायर टांगलेले असतात. पावसाळ्यात त्यांत ओंजळभर पाणी साचते आणि एडिस डासाला तेवढे पुरते. चिकुनगुन्या युरोपात कसा पोचला हे शोधताना मला असेच टायर भेटले.

एडिस अल्बोपिक्टस या पट्टेरी ‘वाघ डासा’चे वर्णन स्क्यूजने १८९४ साली केले, तेही कोलकात्याच्या नमुन्यांवरून. १९९० मध्ये हा डास इटलीतल्या जिनोआत सापडला. त्याला तिथवर नेले वापरलेल्या टायरांच्या व्यापाराने. टायराच्या आत चिकटलेली त्याची अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. थंड मुलखातल्या वाणाची तर अख्खा हिवाळा निजून काढतात. डास असा आधीच घर करून बसला होता. विषाणू आला सतरा वर्षांनी. २००७ च्या उन्हाळ्यात केरळहून एक प्रवासी कास्तिल्योने दि चेर्व्हिया या गावी नातलगांकडे आला आणि त्या परिसरात दोनशेच्या वर माणसे आजारी पडली. समशीतोष्ण युरोपातली चिकुनगुन्याची ही पहिली स्थानिक साथ.

‘भारतातून रोग आला’ हे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे. थंड देशांना असे रोग अगदीच नवे होते, असेही नाही. १९२७-२८ मध्ये डेंग्यूने अथेन्स आडवे केले होते. ग्रीसमध्ये सुमारे दहा लाख रुग्ण आणि हजारावर मृत्यू. शिवाय चिकुनगुन्याचा विषाणू प्रथम ओळखला गेला तो टांगानिकात, १९५२-५३ च्या साथीत. आपल्याकडेही तो पाहुणाच.

१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली. मग तीस वर्षांहून अधिक काळ तो जवळजवळ विस्मरणात गेला. २००५-०६ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत लोक सांधे धरून बसले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने जुने-नवे नमुने ताडून पाहिले. बार्शीचा विषाणू आशियाई कुळातला होता, नवा आफ्रिकी कुळातला. त्या तपासणीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी नोंद पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवतची आहे. तिथे २००० साली पकडलेल्या डासांतला विषाणू याच आफ्रिकी कुळातला निघाला. म्हणजे साथ उसळण्याआधी पाच वर्षे तो इथल्या डासांत होता.