डिफरन्शियल तेल : जुन्या मालवाहू मोटारींसाठी

मोटारगाडीच्या चालक आसातील विभेदी दंतचक्रांना वंगण म्हणून वापरण्यात येणाऱ्या दाट तेलास डिफरन्शियल तेल म्हणतात. इंजिनाकडून आलेली गती काटकोनात वळवून दोन्ही चाकांना पोहोचविणे आणि वळणावर बाहेरच्या चाकास आतल्या चाकापेक्षा अधिक वेगाने फिरू देणे, ही कामे या आसातील दंतचक्रे करतात. दंतचक्रांची घडण बदलत गेली, तसतसे तेलही बदलावे लागले. म्हणून जुन्या पिकअपसाठी तेल निवडताना तिचा आस कोणत्या घडणीचा आहे, हे प्रथम पाहावे लागते.

पूर्वेतिहास : नागपूर परिसरात कापूस वाहून नेणाऱ्या बंडीला अशा यंत्रणेची गरज नव्हती. तिची चाके स्थिर आसावर सुटी फिरत. त्यामुळे वळणावर प्रत्येक चाक आपापला वेग घेई आणि एरंडेलासारखे वंगण पुरे होई. यंत्राच्या शक्तीने दोन्ही चाके एकत्र फिरवावयाची ठरल्यावर मात्र अडचण उद्‌भवली. फ्रान्समधील ऑनेसिफोर पेक्यूर यांनी १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी विभेदी दंतचक्रांची योजना केली. पुढे मोटारींत सरळ दात्यांची शंक्वाकार चक्रे व १९१३ च्या सुमारास सर्पिल दात्यांची चक्रे आली. या दोन्हींना साधे खनिज तेल बहुधा पुरत असे.

हायपॉइड दंतचक्रे : १९२६ मध्ये अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने हायपॉइड दंतचक्रे प्रचारात आणली. यांत लहान चक्राचा (पिनियनचा) अक्ष मोठ्या चक्राच्या (क्राउनच्या) मध्यरेषेखाली असतो. त्यामुळे गाडीचा तळ खाली आणता आला आणि आवाज कमी झाला. परंतु दाते परस्परांवर नुसते लोळण्याऐवजी लांबीच्या दिशेने घसरूही लागले. प्रचंड दाबाखालील या घसरण्याने तेलाचा पापुद्रा फाटतो व धातू धातूला भिडतो. त्यावर उपाय म्हणून तेलात गंधक, क्लोरीन, शिशाचे साबण व नंतर फॉस्फरस यांची संयुगे मिसळण्यात आली. तापलेल्या पोलादाशी त्यांची विक्रिया होऊन पृष्ठावर पातळ थर बनतो. तो स्वतः झिजतो, पण दाते वाचवितो.

भारतातील प्रसार : दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपचे आस हायपॉइड घडणीचे होते. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत या जीपची जुळणी सुरू केल्यावर अशा आसांच्या निगेचा प्रश्न गावोगावच्या गॅरेजांपर्यंत पोहोचला. १९८८ मध्ये टाटांची टाटामोबाईल ही पिकअप पुण्याहून बाजारात आली. श्रीनगर–कन्याकुमारी व हजिरा–पारादीप हे राष्ट्रीय महामार्ग नागपुरास मिळत असल्याने आणि काटोल, नरखेडकडील संत्रा नागपूरच्या बाजारात येत असल्याने हलक्या मालमोटारींना येथे कायम काम असते. त्यांतील अनेक गाड्या मूळ मालकानंतर दुसऱ्या-तिसऱ्या हाती, निर्मात्याच्या पुस्तिकेवाचूनच चालतात.

निवड : तेलाच्या डब्यावर दोन स्वतंत्र गोष्टी नोंदलेल्या असतात. जीएल-४, जीएल-५ ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची वर्गवारी दाब सोसण्याची क्षमता सांगते, तर ९० किंवा १४० हा अंक दाटपणा दर्शवितो. हायपॉइड आसास सामान्यतः जीएल-५ तेल लागते. साध्या खनिज तेलावर त्याचे दाते लवकर खरवडले जातात. मात्र हेच तेल जुन्या गिअरपेटीत ओतणे योग्य नव्हे. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरस संयुगांचे प्रमाण जीएल-४ च्या सुमारे दुप्पट असते आणि काही तेलांतील अशी संयुगे गिअरपेटीतील पितळी कड्यांना अपाय करतात. एकाच पिंपातील तेल दोन्हीकडे भरण्याची सवय म्हणून महागात पडते.

गिअर तेलाचा ९० हा अंक इंजिन तेलाच्या ४० किंवा ५० इतकाच दाटपणा दाखवितो; दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. नागपुरात मे महिन्यात पारा ४५° से. च्या वर जातो, तर हिवाळ्यातील पहाट १०° से. पर्यंत उतरते. जड ओझे व लांब पल्ला असल्यास ८५डब्ल्यू-१४०, तर हलक्या वाहतुकीस ८०डब्ल्यू-९० सोईस्कर ठरते. मात्र निर्मात्याची शिफारस उपलब्ध असल्यास तीच प्रमाण मानावी. अधिक दाट तेल नेहमीच अधिक संरक्षक असते, हा समज चुकीचा आहे. गरजेपेक्षा दाट तेल घुसळताना इंजिनाची शक्ती वाया जाते, आस तापतो आणि थंड सकाळी पिनियनच्या बेअरिंगपर्यंत तेल उशिरा पोहोचते. गळती दाट तेलाने बरी होत नाही. धुळीने आसावरील हवेची नळी बुजल्यास आतील दाब वाढून तेल सीलबाहेर येते. अशा वेळी प्रथम नळी साफ करावी लागते. तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजून ते बदलणे आवश्यक असते.

अशा आसात दोन-तीन लिटर तेल मावते. उलट क्राउन व पिनियन एकमेकांशी जुळवून तयार केलेले असल्याने एक बिघडले, तरी जोडीच बदलावी लागते. एकाच गाडीवर उदरनिर्वाह करणाऱ्या वाहतूकदाराच्या दृष्टीने तेलाच्या योग्य निवडीचे महत्त्व या फरकावरून स्पष्ट होते.