कंठातील परतीची नस

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याने एका मुलाची हकीकत लिहून ठेवली आहे. मुलाच्या मानेत गाठी झाल्या होत्या. शल्यवैद्याने त्या नखांनी ओढून काढल्या. गाठी गेल्या, परंतु मुलाची वाचाही गेली. अशाच उपचारानंतर दुसऱ्या एका मुलाचा आवाज निम्माच उरला. स्वरयंत्र शाबूत असता वाचा का जावी, याचे लोकांना नवल वाटले. गेलनला मात्र कारण ठाऊक होते.

आपल्या कंठमण्यामागे कूर्चांची एक लहानशी पेटी आहे. तिलाच आपण स्वरयंत्र म्हणतो. तिच्यात दोन स्वररज्जू असतात आणि बोटाच्या पेराहूनही लहान असे काही स्नायू त्यांना हलवितात. मागील बाजूची एकच जोडी श्वासासाठी वाट उघडते. बाकीचे बहुतेक स्नायू ती मिटतात अथवा रज्जूंचा ताण सांभाळतात. त्यांना मेंदूची आज्ञा पोहोचविणारी नस मात्र सरळ वाटेने येत नाही. ती मस्तकातून निघालेल्या मोठ्या नसेबरोबर गळ्यावरून खाली उतरते, डाव्या बाजूस थेट छातीत जाऊन महारोहिणीला वळसा घालते आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्रास मिळते. गेलनने रोममध्ये जाणकारांसमक्ष डुकराची ही नस बांधून दाखविली. ओरडणारे जनावर क्षणात मूक झाले. आवाज हृदयातून निघतो, असे मानणाऱ्यांना ते चोख उत्तर होते.

या वळशाचे कारण काय? गेलनने मोडलेला पाय ताणून बसविणाऱ्या वैद्यकीय यंत्राचा दाखला दिला. स्नायूंना खालून ओढ मिळावी म्हणून निसर्गाने नसेला कप्पीवरून फिरविले, असे त्याचे म्हणणे. ही उपपत्ती शतकानुशतके टिकली. वेसालियसने 1543 साली आपल्या महाग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात हाच प्रयोग वर्णिला. पुढे पादुआ येथे फाब्रिसियस आणि त्याचा एके काळचा नोकर व नंतरचा प्रतिस्पर्धी कासेरियस यांनी स्वरयंत्राचे बारकाईने विच्छेदन केले. कासेरियसच्या 1601 च्या ग्रंथात माणसाबरोबर अनेक प्राण्यांची स्वरयंत्रे रेखाटली आहेत. स्नायूंची गणती झाली, पण वळशाचे कोडे सुटले नाही.

ते सुटले गर्भविज्ञानामुळे. 1825 साली हाइनरिख राथके याने डुकराच्या गर्भाच्या मानेवर माशाच्या कल्ल्यांसारख्या खाचा पाहिल्या. मानवी गर्भातही चौथ्या आठवड्याच्या सुमारास तेथे कमानी उमटतात. प्रत्येक कमानीचे स्नायू वेगळे, नस वेगळी, रक्तवाहिनीही वेगळी. रज्जू ताणणारा पुढचा स्नायू चौथ्या कमानीतून घडतो, म्हणून त्याची नस निराळी व सरळ वाटेची. उरलेले लहान स्नायू सहाव्या कमानीचे. त्यांची नस आरंभी आपल्या कमानीच्या रक्तवाहिनीखालून सरळच जाते. त्या वेळी हृदय मानेजवळ असते. पुढे ते छातीत उतरते आणि त्या वाहिन्यांत अडकलेली नसही खाली ओढली जाते. उजवीकडे खालची वाहिनी लोपते, म्हणून तेथील वळसा आखूड व वरच्या पातळीवर राहतो. जिराफाच्या लांब मानेतही नस हाच फेरा घालते. कप्पीच हवी असती, तर एवढ्या लांबीची गरज नव्हती.

म्हणजे गेलनचे डोळे चुकले नव्हते, त्याची कारणमीमांसा अपुरी होती. आपले शरीर केवळ आजच्या कामासाठी आखलेले यंत्र नाही. ते घडले कसे, याची खूणही त्यात राहते.

ही खूण ओळखणे रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. व्हिएन्नाच्या ऑर्टनर या वैद्याने 1897 साली हृदयाच्या झडपेच्या विकाराने आवाज बसलेल्या रोग्यांची नोंद केली: दोष कंठात नव्हता, छातीत डाव्या नसेवर दाब पडत होता. गलगंडाच्या शस्त्रक्रियेतही ही नस ग्रंथीला अगदी लगटून असते. एका बाजूची दुखावली तर आवाज घोगरा होतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्या तर श्वासाची वाटच मिटू शकते. म्हणून आज कुशल शल्यचिकित्सक ग्रंथी काढण्यापूर्वी ही बारीक पांढरी नस शोधून काढतो आणि तिला जपतो. अठराशे वर्षांपूर्वी आवाज बिघडलेली ती दोन मुले अशा रीतीने आजही अनेकांची वाणी राखीत आहेत.