गळाची दोरी कशी निवडावी?

तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा (ता. शहादा, जि. नंदुरबार) 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाते. येथील बॅरेजमुळे तापीत खोल पाणी साठते. अशा पाण्यात मरळसारखा शिकारी मासा नकली मासोळीने धरायचा, तर दोरीची निवड महत्त्वाची ठरते.

'क्रँकबेट' या आमिषाच्या तोंडाशी पट्टी असते. दोरी ओढताच पट्टीवर पाण्याचा दाब येऊन आमिष खाली जाते. जाड दोरीला पाण्याचा अवरोध अधिक होतो व आमिष वरच राहते. त्यामुळे खोलीसाठी बारीक दोरी योग्य.

नायलॉनचा तंगूस ताणला जातो. माशाचा हिसका त्यात जिरतो व गळ सहसा निसटत नाही. मात्र पाणी शोषून तो काहीसा कमकुवत होतो. फ्लुरोकार्बनची दोरी पाण्याच्या सुमारे १.७८ पट घन असल्याने बुडते. विणीची पॉलिएथिलीन दोरी फारशी ताणत नाही, हलका स्पर्शही हाताला कळवते. पण ती तरंगते, आणि जोराच्या हिसक्याने माशाचे तोंड फाटून तो सुटू शकतो.

तुटलेला तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही. त्यात पक्षी व कासवे अडकून मरतात. म्हणून झिजलेली दोरी वेळीच बदलावी आणि तिचे तुकडे नदीत न टाकता घरी न्यावेत.