एट्रियल फिब्रिलेशन
हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा दीर्घकाळ टिकणारा, सर्वाधिक आढळणारा विकार. यात अलिंदे (हृदयाचे वरचे कप्पे) मिनिटाला 350 ते 600 वेळा नुसती थरथरतात आणि नाडी बेताल होते. काहींना धडधड, धाप, थकवा जाणवतो; काहींना काहीच नाही, आणि निदान भलत्याच कारणाने काढलेल्या ईसीजीत होते.

खरा धोका धडधडीचा नसून गुठळीचा आहे. डाव्या अलिंदाच्या कोपऱ्यात रक्त साकळते, गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. ही शक्यता सुमारे पाचपट वाढते. म्हणून धोका पाहून रक्त पातळ ठेवणारी गोळी बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून ती परस्पर बंद करणे घातक. भारतात संधिवातज्वराने आकसलेली मायट्रल झडप हे अजूनही महत्त्वाचे कारण. अशा रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी नवी औषधे नव्हे, वॉरफरिनच दिले जाते. त्यावर असताना आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचे मोजमाप) सहसा 2 ते 3 ठेवतात. पालेभाज्यांनी वॉरफरिनचा परिणाम बदलतो, तरी त्या वर्ज्य नाहीत; प्रमाण मात्र रोज सारखे असावे.

1998 मध्ये फ्रान्समधील बोर्दोच्या हृदयतज्ज्ञ हाइसागेर यांनी या विकाराची फुप्फुस-शिरांतील उगमस्थाने दाखवल्यावर ती निकामी करणारे अ‍ॅब्लेशन रूढ झाले. त्यानंतरही विकार उलटू शकतो. वजन, रक्तदाब, मद्य आणि झोपेतील श्वासरोध आटोक्यात असल्यास उलटण्याचे प्रमाण घटते.