उभा, लंब आणि ओळंबा

आमच्या धर्मग्रामातील शाळकरी मुले 'व्हर्टिकल' हा शब्द सहज उच्चारतात. त्याचे मराठी विचारले, तर 'उभा' म्हणून थांबतात. उत्तर चूक नाही, अपुरे आहे.

'उभा' हा शब्द संस्कृत 'ऊर्ध्व'पासून प्राकृत 'उब्भ'च्या वाटेने आपल्याकडे आला. त्यात कोनाचा हिशेब नाही. कललेली भिंतही, पडेपर्यंत उभीच म्हणावी लागते. गणितकारांनी म्हणून 'लंब' पत्करला. त्याचा मूळ अर्थ लोंबणारा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायावर उतरते ती रेषा लंब. पुढे भूमितीत काटकोनातील कोणतीही रेषा, आडवी असली तरी, लंब ठरली आणि लोंबणे विस्मरणात गेले. गवंड्याने मात्र ते विसरू दिले नाही. दोरीला वजन बांधून तो भिंतीलगत सोडतो तो ओळंबा, म्हणजे 'अवलंब'. 'अवलंबून' हा त्याचाच भाऊबंद. लॅटिनमध्येही 'पर्पेंडिक्युलम' म्हणजे ओळंबाच. सेमिनरीत घोकलेले लॅटिन असे क्वचित कामी येते!

सारांश, उभेपणाची कल्पना 'उभा' जमिनीवरून करतो, तर लंब आणि ओळंबा वरून खाली येतात.

कल्याणजवळील अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवालय शके ९८२चे, म्हणजे इ. स. १०६०चे. साडेनऊशे वर्षांहून अधिक काळ त्याच्या दगडी भिंती उभ्या आहेत. तेथून फार दूर नसलेल्या शीळ फाट्यावर ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत बहुमजली इमारत कोसळली आणि ७४ माणसे दगावली. त्यांत तेथेच राहणारी मजुरांची मुले होती. त्या भिंती ओळंब्यात होत्या की नव्हत्या, हे आम्ही जाणत नाही. अवघ्या काही आठवड्यांत मजल्यावर मजला चढविला गेला, एवढे सर्वश्रुत आहे.

जुन्या करारात संदेष्टा आमोस याला परमेश्वर हाती ओळंबा घेऊन भिंतीपाशी उभा दिसतो (७:७-८). ओळंबा लावायचा असतो तो इस्राएल प्रजेला. पुढच्याच अध्यायात हा संदेष्टा माप लहान करून खोट्या तराजूने गरिबांना नाडणाऱ्यांवर तुटून पडतो. बांधकामाचे कंत्राट घेणाऱ्या आमच्या धर्मबंधूंनी हे दोन अध्याय सलग वाचावेत.

शीळ फाट्याची ती दुर्घटना पुनरुत्थान सणाच्या आठवड्यात, गुरुवारी घडली. याच पर्वकाळात गुडघे न टेकता उभ्याने प्रार्थना करावी, असा नायसिया धर्मपरिषदेचा (इ. स. ३२५) विसावा नियम आहे.