डेस्कटॉप संगणकाची जुळणी : सुट्या भागांची निवड (जालना जिल्हा)

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट हे भाग वेगवेगळे निवडून ते एकमेकांना मानवतील असे बसवणे म्हणजे डेस्कटॉप संगणकाची जुळणी. कंपनीकडून बंद खोक्यात येणाऱ्या यंत्राला बाजारात ‘ब्रँडेड’ म्हणतात, तर दुकानदाराने किंवा ग्राहकाने स्वतः जुळवलेल्याला ‘असेंबल्ड’. एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बिनबोभाट बसतो, याचे श्रेय इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स या मापांच्या मानकाला जाते.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे तालुके घेऊन स्थापन झाला. लोखंडी सळया, बियाणे, मोसंबी आणि कापूस यांवर त्याचे अर्थकारण चालते, आणि संगणकाची गिऱ्हाइकेही मुख्यतः याच व्यवहारांभोवती आढळतात : औद्योगिक वसाहतीतली कार्यालये, आडत दुकाने, आपले सरकार सेवा केंद्रे, एमएस-सीआयटीचे वर्ग, लग्नसराईवर चालणारे फोटो स्टुडिओ आणि अलीकडे गेम खेळणारी कॉलेजची मुले. खरेदी जालना शहरात, साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरात किंवा ऑनलाइन होते. घाऊक माल आणणारे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत जातात.

सुट्या भागांच्या शिफारशींच्या ज्या याद्या सगळीकडे फिरतात, त्या वातानुकूलित खोली आणि स्थिर वीज गृहीत धरतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आणि विजेची ये-जा अंगवळणी पडलेल्या भागात तो हिशेब जुळत नाही. येथे प्रोसेसरच्या एका पायरीपेक्षा वीज, उष्णता आणि धूळ या तिन्हींचा बंदोबस्त यंत्राचे आयुष्य जास्त ठरवतो. प्रत्यक्षात मात्र सर्वांत आधी काटकसर होते ती याच बाबींवर.

एसएमपीएस. भिंतीतल्या २३० व्होल्ट विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणारा हा भाग. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेने घेतात, म्हणून खोक्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा बाजूच्या लेबलावरचा १२ व्होल्टपुढचा अँपिअरचा आकडा वाचावा. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसवर ठळक ४५० वॅट छापलेले असते आणि त्या रकान्यात १६ अँपिअर दिसतात. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट, एवढीच त्याची खरी ताकद. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तेथे ३६ च्या आसपास आकडा असतो, म्हणजे सुमारे ४३० वॅट. २००४ मध्ये सुरू झालेले ८० प्लस हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे आहे, टिकाऊपणाचे नाही. तरीही ते मिळवलेल्या एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट बहुधा असते आणि १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोणताही दाब चालतो. संध्याकाळी दाब खाली बसणाऱ्या गावात याचा थेट उपयोग होतो. फक्त २०० ते २४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस अशा वेळी यंत्र अधूनमधून आपोआप रीस्टार्ट करतो आणि दोष मात्र विंडोजवर जातो.

गरजेचा अंदाज सोपा आहे. आय३-१२१०० हा प्रोसेसर पूर्ण भारात ८९ वॅटपर्यंत घेतो. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे धरून कार्यालयीन यंत्र दीडशे वॅटच्या आत राहते. आरटीएक्स ४०६० कार्ड जोडले तर ११५ आणि आरटीएक्स ३०६० जोडले तर १७० वॅट वाढतात. म्हणजे नामवंत कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस जिल्ह्यातल्या बहुतेक यंत्रांना पुरून उरतो. साध्या कामासाठी ७५० वॅट गळ्यात मारणारा दुकानदार ग्राहकाचे भले करीत नसतो.

यूपीएस आणि अर्थिंग. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे; नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटपर्यंतच भार झेलतो. त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी शंभरेक वॅटच्या भारावर वीसेक मिनिटे टिकते; काम जतन करून यंत्र बंद करायला एवढा वेळ पुष्कळ आहे. लेड-अॅसिड बॅटरीचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते, त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या यूपीएसची बॅटरी दोन उन्हाळ्यांतच मान टाकते. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असल्यास त्यावरचे बटण ‘यूपीएस’ मोडवर असावे. साध्या मोडमध्ये पुरवठा बदलायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात यंत्र बंद पडते.

अर्थिंगकडे लक्ष देणारे ग्राहक थोडे. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येणे हे अर्थिंग तुटल्याचे लक्षण आहे. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजावा. तो तीनेक व्होल्टच्या आत असेल तर ठीक. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, म्हणून मीठ-कोळशाच्या जुन्या पद्धतीच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. तिसरी पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेला स्पाइक गार्ड असून नसल्यासारखाच.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड. ही जोडी एकत्रच निवडावी लागते, कारण सॉकेट जुळले पाहिजे. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए१७०० सॉकेटात बसतात. २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए१८५१ लागते. एएमडीचे एएम४ हे सॉकेट आता जुने झाले असले तरी स्वस्त यंत्रांसाठी आजही चालते; २०२२ मध्ये आलेले एएम५ फक्त डीडीआर५ रॅम घेते. नावाच्या शेवटची अक्षरे नीट पाहावीत. इंटेलच्या ‘एफ’ प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड न घेतल्यास पडद्यावर काहीच उमटत नाही. हजार-दोन हजार वाचवायला एफ घेऊन नंतर कार्डासाठी धावाधाव करणारे ग्राहक दुकानदारांच्या चांगल्याच परिचयाचे असतात. एएमडीच्या रायझेन ५ ५६००जी मधला ‘जी’ उलट अर्थाचा : यात ग्राफिक्स बरे असते आणि टॅली, इंटरनेट, छपाई या कामांना वेगळे कार्ड लागत नाही.

बोर्ड निवडताना चिपसेटच्या प्रतिष्ठेपेक्षा मागचे जोड मोजावेत. सेवा केंद्रातल्या यंत्राला कीबोर्ड, माउस, प्रिंटर, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि वेबकॅम एकाच वेळी लावलेले असतात. शिवाय रांगेतला प्रत्येकजण कागदपत्रांचा पेनड्राइव्ह पुढे करतो. स्वस्त बोर्डांना मागे बहुधा सहाच यूएसबी जोड असतात. बाहेरून हब लावला तर ठशांचे यंत्र ऐन केवायसीच्या वेळी ‘डिव्हाइस नॉट रेडी’ दाखवण्याची शक्यता वाढते, म्हणून ते थेट बोर्डालाच जोडावे.

वजनकाट्यावरच्या संगणकाची गोष्ट आणखी वेगळी. सळयांचे कारखाने, जिनिंग, साखर कारखाने, सगळीकडे गाडी काट्यावर चढते, लोडसेलवरून वजन इंडिकेटरला कळते आणि इंडिकेटरमधून ते बहुधा आरएस-२३२ (कॉम पोर्ट) या नऊ पिनांच्या जुन्या जोडातून संगणकात येते. नव्या बोर्डांच्या मागे हा जोड क्वचितच दिसतो; पण एच६१० वर्गातल्या अनेक साध्या बोर्डांवर त्याच्या पिना आत दिलेल्या असतात आणि थोडक्या पैशांत मिळणारी पट्टी लावून तो बाहेर काढता येतो. यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरनेही काम भागते, मात्र तो दुसऱ्या जोडात लावला की कॉम पोर्टचा क्रमांक बदलतो, आणि भरलेल्या गाड्या काट्यापुढे उभ्या असताना पावतीवर वजन शून्य येते. अशा जागी महागड्या गेमिंग बोर्डापेक्षा कॉमच्या पिना असलेला साधा बोर्ड सरस ठरतो.

रॅम. आज ८ जीबी ही किमान आणि १६ जीबी ही सोयीची मर्यादा. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. दोन्ही चॅनेल भरले की अंगभूत ग्राफिक्सचा वेग लक्षणीय वाढतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे अदलाबदल होत नाही. २०२५ च्या अखेरीस जगभरातल्या एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव झपाट्याने चढले. तेव्हापासून रॅमचा भाव त्या दिवशीचाच विचारून घ्यावा लागतो.

साठवण. विंडोज आणि रोजचे काम एसएसडीवर असावे, याबाबत आता मतभेद उरलेले नाहीत. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत. पत्रव्यवहार आणि हिशेबाच्या कामात हा फरक जाणवत नाही. फोर-के चित्रफितींच्या फायली हलवताना जाणवतो. ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क फक्त साठ्यासाठी ठेवावी. स्टुडिओचे लग्नाचे चित्रण एकाच डिस्कवर असणे धोक्याचे. दुसरी प्रत यंत्राबाहेर हवी.

ग्राफिक्स कार्ड. अल्बमची मांडणी आणि द्विमितीय आराखडे यांना कार्डाची गरज नसते. चित्रफितींचे संपादन आणि गेम यांना असते. संपादनासाठी कार्ड घेतानाही आय५-१२४०० सारखा ‘एफ’ नसलेला प्रोसेसर निवडावा, कारण इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स कॅमेऱ्याच्या संकुचित फायली उलगडायला हातभार लावते.

कॅबिनेट आणि थंडावा. ठराविक कूलर आणि ठराविक भार असताना प्रोसेसरचे तापमान खोलीपेक्षा साधारण ठराविक अंशांनी वर राहते. २५ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत ८७ च्या घरात जातो आणि बाराव्या पिढीच्या आय३ ची १०० अंशांची मर्यादा फार लांब राहत नाही. ती गाठली की वेग आपोआप कमी होतो. म्हणून पुढे काच नव्हे, जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे. आत हवा ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त असावेत, म्हणजे धूळ फटींतून न शिरता गाळणीवर अडते. गाळणी महिन्याला झटकावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरावे, नाहीतर पंखा उलटसुलट भन्नाट फिरून खराब होतो.

उन्हाळ्यात बहुतेक दुकानांत पाण्याचा कूलर चालतो. त्याच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवणे ही नेहमीची चूक. बोअरच्या पाण्यातले क्षार बारीक थेंबांसोबत उडून बोर्डावर बसतात, त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत पिना गंजतात. विस्तार स्लॉटांच्या मागच्या पट्ट्या तोडून फेकू नयेत. त्या उघड्या भोकांतून पाली शिरतात आणि एसएमपीएसच्या उबेला जाऊन बसतात.

जुनी यंत्रे. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले ब्रँडेड डेस्कटॉप स्वस्तात मिळतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलच्या किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे बँकेच्या आणि सरकारी संकेतस्थळांच्या कामाला घेऊ नयेत. लिनक्स चालवणाऱ्याला ती उत्तम. जुन्या ब्रँडेड यंत्रांपैकी छोट्या आकाराच्या यंत्रांचा एसएमपीएस एटीएक्स मापाचा नसतो आणि तो जळाला की तोच शोधत फिरावे लागते.

बिल आणि हमी. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे; सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याला तो कर-जमेत धरता येतो. खोक्यातल्या प्रोसेसरवर तीन वर्षांची हमी असते, ‘ट्रे’ म्हणून सुटा विकला जाणारा मात्र बहुधा विक्रेत्याच्याच शब्दावर असतो. जळलेला किंवा पिना वाकलेला बोर्ड हमीत बसत नाही, म्हणून सॉकेटच्या पिना दुकानातच उजेडात पाहाव्यात आणि सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण जपून ठेवावे. बोर्ड बदलून घेताना ते मागितले जाते.